शिवजयंतीच्या देखाव्यात बंदुकीचा बार काढायचाय? आधी 'टोपी'चं गणित समजून घ्या

दिवाळीतली टिकलीची बंदूक आठवते? लाल कागदाचा रोल, त्यावर दारूचे बारके ठिपके. चाप ओढला की घोडा ठिपक्यावर आदळायचा, 'टप्' आवाज यायचा आणि बोटांना जळका वास लागायचा.

खऱ्या ठासणीच्या बंदुकीतही याच तत्त्वावर चालणारी एक वस्तू असते. तिला 'टोपी' म्हणतात. करंगळीच्या नखापेक्षाही लहान अशी तांब्याची किंवा पितळेची वाटी, आणि तिच्या तळाशी स्फोटकाचा पातळ थर. दिसायला टिकलीची मोठी बहीण. पण टिकली खेळणं आहे आणि टोपी कायद्याच्या भाषेत दारूगोळा आहे. हा फरक माहीत नसेल तर एखाद्याचा डोळा जाऊ शकतो आणि एखाद्यावर गुन्हाही दाखल होऊ शकतो.

हा विषय आत्ता का?

गेल्या दोन-तीन वर्षांत इतिहास पुस्तकातून रस्त्यावर आलाय. २०२३ मध्ये शिवराज्याभिषेकाचं ३५० वं वर्ष सुरू झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' आला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी.

त्यामुळे १९ फेब्रुवारीची शिवजयंती असो, ६ जूनचा राज्याभिषेक दिन असो, मंडळांचे देखावे आता नुसते पुतळ्यांचे राहिलेले नाहीत. जिवंत देखावा हवा, मावळे हवेत, घोडे हवेत, रील हवी. आणि मग कुणीतरी म्हणतं, "बंदुकीचा खरा बार काढू, धूर निघाला पाहिजे."

तिथून पुढचा प्रश्न म्हणजे चांगली, फुसकी न जाणारी टोपी कोणती आणि ती मिळते कुठे. या प्रश्नाचं उत्तर आहे. पण त्याआधी आपल्याला टोपी लागते का, हेच बघायला हवं. त्यासाठी अकलूजइतकं चांगलं ठिकाण शोधून सापडणार नाही.

अकलूजवरून गेलेल्या बंदुका

सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातलं, नीरेच्या काठावरचं अकलूज. इथल्या किल्ल्यातली शिवसृष्टी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिली असेल. शिवरायांच्या आयुष्यातले प्रसंग तिथे शिल्पांतून उभे केले आहेत. पण अकलूजचा इतिहास शिल्पांपुरता नाही. मोठ्या फौजा खरोखरच इथून गेल्या आहेत.

१६८९ च्या सुरुवातीला संभाजी महाराज संगमेश्वरला पकडले गेले, तेव्हा औरंगजेबाची छावणी अकलूजला होती. त्या काळात मराठे असोत की मुघल, पायदळाच्या हातातली बंदूक मुख्यतः तोड्याची. तोडा म्हणजे सतत धुमसत राहणारी, सुतळीसारखी वात. चाप ओढला की तोडा खाली झुकायचा, बंदुकीच्या कानातल्या रंजकीला म्हणजे पेरलेल्या दारूला लागायचा आणि बार उडायचा. टोपीचा काही संबंधच नव्हता.

त्यानंतर ११४ वर्षांनी, एप्रिल १८०३ मध्ये जनरल आर्थर वेलस्ली अकलूजला आला. दुसऱ्या बाजीरावाला पुण्याच्या गादीवर परत बसवायला निघालेली ती इंग्रजी फौज. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलस्ली तो हाच. त्याच्या शिपायांच्या हातात चकमकीची बंदूक होती. गारगोटी पोलादावर घासली जायची, ठिणगी रंजकीत पडायची. इथेही टोपी नाही.

टोपीच्या मागची कल्पना आली त्यानंतर चार वर्षांनी. स्कॉटलंडमधला अलेक्झांडर फोर्सिथ नावाचा पाद्री पक्ष्यांच्या शिकारीचा शौकीन होता. चकमकीची ठिणगी दिसली की पक्षी उडून जायचे. त्याने घाव बसताच पेटणारं रसायन वापरायची पद्धत काढली आणि १८०७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. तांब्याची टोपी रूढ झाली ती १८२० च्या दशकात. ब्रिटिश लष्करात ती सरसकट आली १८४० च्या आसपास. १८५७ च्या उठावातली प्रसिद्ध एनफिल्ड रायफल टोपीवर चालणारी होती. (वाद मात्र टोपीवरून नव्हे, काडतुसाला लावलेल्या चरबीवरून झाला.) १८६० चं दशक संपेपर्यंत मागून भरायच्या बंदुका आल्या आणि सुटी टोपी लष्करातून मागे पडली. ती काडतुसाच्या बुडात जाऊन बसली, आणि तिथे ती आजही आहे.

म्हणजे लष्करी बंदुकीवर टोपीचं राज्य जेमतेम तीस वर्षं होतं. शिवरायांच्या किंवा संभाजीराजांच्या काळातल्या देखाव्यात मावळ्याच्या हाती टोपीची बंदूक देणं म्हणजे दीडशे-दोनशे वर्षांची चूक. 'खरं वाटावं' म्हणून आणलेली वस्तूच देखावा खोटा पाडते. पेशवाईचा देखावा असला तरी तेच.

आपल्याकडे टोपी खरी शोभते ती १८५७ च्या आसपासच्या प्रसंगात.

टोपी बसते कुठे आणि करते काय?

ठासणीच्या बंदुकीत दारू तोंडाकडून भरतात आणि गजाने ठासतात. नळीच्या मागच्या टोकाला एक छोटी पोकळ बोंडी असते. टोपी त्या बोंडीवर बसते. चाप ओढला की घोडा टोपीवर आदळतो, स्फोटक पेटतं, ज्वाळा बोंडीच्या भोकातून आत जाते आणि नळीतली दारू पेटते.

पूर्वी टोपीत पाऱ्याचं फल्मिनेट नावाचं संयुग असायचं. आता शिशाची किंवा इतर संयुगं वापरतात. नाव काहीही असो, ही सगळी रसायनं एका गोष्टीसाठीच बनवलेली आहेत: जरासा घाव बसला की पेटायचं. साधी काळी दारू पेटायला ठिणगी लागते. टोपीतल्या स्फोटकाला धक्का पुरतो, घर्षण पुरतं. म्हणून टोपी घरी बनवणं, फुटलेली टोपी पुन्हा भरणं, दिवाळीच्या टिकल्या खरवडून त्यात घालणं हे प्रकार इंटरनेटवर कितीही सोपे दिसले तरी बोटं आणि डोळे घालवणारे आहेत. टिकलीतलं मिश्रण खरवडतानाच पेट घेऊ शकतं.

चांगली टोपी कशी ओळखतात?

टोपीच्या बंदुकीचे सगळ्यात मोठे देखावे अमेरिकेत होतात, कारण त्यांचं यादवी युद्ध (१८६१ ते १८६५) नेमकं टोपीच्या काळातलं. तिथले हौशी लोक टोपी निवडताना काय बघतात?

पहिलं, माप. लहान बंदुका-पिस्तुलांना साधारण १० किंवा ११ नंबरची टोपी लागते. लष्करी मस्केटला मोठी, कडेला पाकळ्या असलेली टोपी लागते. टोपी सैल असेल तर पडते. घट्ट असेल तर घोड्याचा पहिला घाव तिला नुसता खाली बसवण्यात जातो आणि बार निघत नाही. एका कंपनीचा ११ नंबर दुसऱ्या कंपनीच्या बोंडीवर बसेलच असंही नाही.

दुसरं, फुटण्याची पद्धत. टोपी पेटली की धातू फाटतो. चांगली टोपी पाकळ्यांसारखी उमलते आणि घोड्याच्या खोबणीत राहते. खराब टोपीचे तुकडे उडतात. ते थेट शेजारच्याच्या चेहऱ्याकडे जातात.

तिसरं, जोर. गोळी झाडायच्या टोपीला जास्त जोर लागतो, नुसत्या बारासाठी कमी पुरतो. सीसीआय ही अमेरिकन कंपनी देखाव्यांसाठी वेगळी, कमी जोराची टोपी काढते. आरडब्ल्यूएस ही जर्मन कंपनीही या लोकांमध्ये विश्वासाची मानली जाते.

चौथं, साठवण. मूळ डबीतच, कोरड्या जागी, दारूपासून लांब. खिशात किल्ल्या आणि नाण्यांसोबत सुट्या टोप्या कधीच नाहीत.

आणि यातली कुठलीही टोपी वापरली तरी काही नियम सुटत नाहीत. दारू भरण्याआधी नुसती टोपी वाजवून बोंडी मोकळी आहे ना ते बघायचं. डोळ्यांना चष्मा. बार फुसका गेला तर नळीत डोकावायचं नाही. तोंड मोकळ्या दिशेला धरून थांबायचं, कारण कधीकधी दारू उशिराने पेटते. तिथल्या बहुतेक देखाव्यांत गज वापरायलाच मनाई असते आणि नळी लोकांच्या डोक्यावरून वर धरावी लागते.

'पण गोळीच नाही, मग धोका कसला?'

हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा युक्तिवाद. त्याला तीन उत्तरं आहेत.

एक, गोळी नसली तरी नळीतून ज्वाळा, अर्धवट जळलेली दारू आणि दाबाचा झोत बाहेर पडतो. १९८४ मध्ये अमेरिकन अभिनेता जॉन-एरिक हेक्सम याने चित्रीकरणाच्या सेटवर गंमत म्हणून रिकाम्या बाराचं पिस्तूल स्वतःच्या डोक्याला लावलं आणि चाप ओढला. गोळी नव्हती. तरीही त्याचा जीव गेला.

दोन, 'नळी रिकामी आहे' हे आपल्याला वाटत असतं. १९९८ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईच्या देखाव्यात एका हौशी सैनिकाच्या मानेत खरी गोळी घुसली. समोरच्याच्या पिस्तुलात ती आधीपासून अडकलेली होती आणि ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं. जखमी माणूस वाचला. २०२१ मध्ये 'रस्ट' सिनेमाच्या सेटवर छायाचित्रणकार हॅलिना हचिन्स वाचली नाही. तिथे शस्त्रांची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला २०२४ मध्ये शिक्षा झाली. या दोन्ही ठिकाणी नियम होते, अनुभवी माणसं होती. आपल्या मिरवणुकीत बंदूक तपासणारा माणूस कोण असतो?

तीन, गर्दी. परदेशातले देखावे मोकळ्या मैदानात, दोरी बांधून, प्रेक्षकांना लांब ठेवून होतात. अमेरिकेचा राष्ट्रीय उद्यान विभाग तर स्वतःच्या युद्धभूमींवर समोरासमोर गोळीबाराचे देखावे करूच देत नाही, फक्त प्रात्यक्षिकाला परवानगी देतो. आपल्याकडे देखावा म्हणजे ट्रॉली, दोन्ही बाजूंना माणसं, पुढे लहान मुलं, शेजारी घोडा. तांब्याचा तुकडा उडाला तर तो रिकाम्या जागेत पडेल अशी रिकामी जागाच नसते. घोडा बुजला तर वेगळंच.

हे फार लांबचं वाटत असेल तर २०२५ ची दिवाळी आठवा. दीडशे-दोनशे रुपयांना मिळणाऱ्या, रील्समधून पसरलेल्या कार्बाइड गनने मध्य प्रदेशात शंभरहून अधिक लोकांच्या, त्यातही बहुतांश मुलांच्या, डोळ्यांना इजा केली. काहींची दृष्टी गेली. त्या 'बंदुकी'तही गोळी नव्हती.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र कायदा, १९५९ मध्ये 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या मोठी आहे. बंदुकीचा बार, त्याला लागणाऱ्या वस्तू, स्फोटक भरलेल्या किंवा भरण्यासाठी बनवलेल्या वस्तू, दारूगोळ्याचे भाग हे सगळं त्यात येतं. टोपी त्यातून सुटत नाही. म्हणजे टोपी विकत घ्यायला, बाळगायला परवाना लागतो. परदेशातून मागवायची तर आयातीचा वेगळा परवाना. परदेशी वेबसाइटवर 'ॲड टू कार्ट' दिसतं म्हणून ती कुरिअरने अकलूजला येऊ शकते असं नाही. काळ्या दारूला तर वर स्फोटक कायदाही लागू होतो.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा वाढल्या. त्यातल्या तीन देखावा करणाऱ्यांनी लक्षात ठेवाव्यात अशा आहेत:

- विनापरवाना बंदूक किंवा दारूगोळा बाळगणं: कलम २५ (१ब) खाली साधारणपणे दोन ते पाच वर्षं कैद आणि दंड.
- खेळण्यातली किंवा शोभेची बंदूक लेथवर नेऊन 'चालू' करून घेणं: नकली शस्त्राचं खऱ्यात रूपांतर. किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप.
- सार्वजनिक कार्यक्रमात, लग्नात, धार्मिक ठिकाणी आनंदाच्या भरात बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणं: कलम २५ (९) खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इथे बंदूक परवान्याची आहे हा बचाव चालत नाही.

'आमच्याकडे परवाना आहे' आणि 'ही आजोबांची आहे'

ठासणीची बंदूक आजही महाराष्ट्रात कायदेशीरपणे आहे. पिकाच्या राखणीसाठी तिचा परवाना देण्याची तरतूद शस्त्र कायद्यातच आहे, आणि कोकणात रानडुकरं-माकडांमुळे असे परवाने असलेले शेतकरी सापडतात. पण तो परवाना शेतासाठी आहे. जत्रा, धार्मिक मिरवणूक किंवा सार्वजनिक जमावात बंदूक न्यायची नाही, अशी अट परवान्यावरच असते. जिल्हादंडाधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली तरच अपवाद. त्यामुळे 'पाहुण्यांची परवान्याची बंदूक दोन तासांसाठी आणू' ही कल्पना पाहुण्यांचा परवानाही घालवू शकते.

दुसरा समज वाड्यातल्या जुन्या बंदुकीबद्दलचा. 'शंभर वर्षांची आहे, तिला कसला परवाना?' कायदा जुन्या, ऐतिहासिक मोलाच्या शस्त्रांना सूट देतो, पण ते शस्त्र बंदूक म्हणून वापरता येण्यासारखं नसेल तरच. दुरुस्त करूनसुद्धा नाही. ज्या दिवशी तुम्ही तिच्यावर नवी बोंडी बसवून टोपी वाजवता, त्या दिवशी ती सूट तुम्ही स्वतःच मोडून काढता. शिवाय शंभर वर्षांच्या नळीत आतून गंज किती खाल्लाय, हे बाहेरून दिसत नाही. ती दुसऱ्या टोकाने फुटली तर बंदूक धरणाऱ्याचा हात तिथेच असतो.

गुन्हा कुणावर?

मंडळाचा देखावा असला तरी बंदूक कुणाच्या तरी हातात असते. बहुतेकदा तो विशीतला कार्यकर्ता असतो. बंदूक कुणी आणली, टोप्या कुणी दिल्या, हे त्याला माहीतही नसतं. पण व्हिडिओत चेहरा त्याचा असतो. आणि व्हिडिओ तर आपणच टाकलेला असतो, मंडळाच्या नावाचा हॅशटॅग लावून.

माळशिरस काय, माढा काय, या पट्ट्यातली कित्येक मुलं पहाटे उठून पोलीस भरतीसाठी, सैन्य भरतीसाठी पळतात. शस्त्र कायद्याखालचा गुन्हा चारित्र्य पडताळणीत समोर येतो. तीस सेकंदांच्या रीलसाठी ही किंमत फार आहे.

मग देखावा करायचा कसा?

शिवकाळाचा देखावा असेल तर उत्तर सोपं आहे: टोपी नको, दारूही नको. लाकडाची किंवा फायबरची, नळी भरीव असलेली तोड्याची बंदूक बनवून घ्या. तोड्याच्या टोकाला धुमसती उदबत्ती लावली तरी लांबून खरा तोडा वाटतो. आवाज स्पीकरवरून, धूर स्टेजच्या धुराच्या मशीनमधून. कोल्हापूरचे मर्दानी खेळाचे आखाडे दांडपट्टा, विटा आणि लाठी यांवर लोकांना खिळवून ठेवतात. एक बारही न काढता.

१८५७ चं नाटक किंवा शॉर्टफिल्म असेल आणि टोपीची बंदूकच दाखवायची असेल, तर न चालणारी प्रतिकृती वापरा आणि धूर-ज्वाळा नंतर संगणकावर घाला. खरा बार हवाच असेल तर आधी जिल्हाधिकारी कार्यालय आणि पोलीस ठाण्याची लेखी परवानगी, परवानाधारक आणि शस्त्रांची माहिती असलेला एकच जबाबदार माणूस, आणि प्रेक्षक नसलेली जागा. यातलं एक जरी जमणार नसेल तर बार काढू नका.

प्रतिकृतीबद्दलही पोलीस ठाण्यात आधी सांगून ठेवलेलं बरं. गर्दीत लांबून खरी-खोटी ओळखू येत नाही.

थोडक्यात

'भरवशाची टोपी कोणती?' याचं तांत्रिक उत्तर असं: बोंडीच्या मापाची, नावाजलेल्या कारखान्याची, कोरडी ठेवलेली, आणि परवान्यावर घेतलेली. पण भरवशाची टोपी म्हणजे दर वेळी नक्की पेटणारी टोपी. मोकळ्या मैदानात तो गुण आहे. अकलूजच्या किंवा तुमच्या गावच्या चौकात, चार फुटांवर एखादं पोर बापाच्या खांद्यावर बसून देखावा बघत असेल, तर तोच धोका आहे.

तुमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यंदा कुणी 'खरा बार काढू' म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: महाराजांच्या काळात टोपी होती का?